आधी मोजमाप, मग स्क्रू

चि. बाळास,

तुझा 40 मीटर पट्ट्याचा रेडिओ सेट जोडून झाला, स्पीकरमधून आवाजही येऊ लागला, हे वाचून फार आनंद झाला. पण ‘आता कॉइलचे स्क्रू फिरवून जास्तीत जास्त पॉवर काढतो’ हे तुझं वाक्य वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. थांब जरा. हॅम रेडिओचा परवाना हातात आला असला तरी अँटेना अजून जोडू नकोस.

आधी अँटेनाऐवजी लावायचा डमी लोड कर. 1 किलोओहमचे, 2 वॅटचे 20 रेझिस्टर समांतर जोडलेस की 50 ओहम होतात आणि 40 वॅट पचतात. लॅमिंग्टन रोडला गेलास तर मेटल फिल्मचे माग. वायरवाउंड नकोत, त्यात आत तारेची कॉइलच असते. या लोडवर 1एन34ए डायोड आणि 0.01 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घालून आरएफ प्रोब बनव. मल्टिमीटरवर येणाऱ्या शिखर व्होल्टेजचा वर्ग कर, त्याला 100 ने भाग, वॅट मिळतील. 20 व्होल्ट आले तर 4 वॅट. हा डायोड उलट दिशेने साधारण 60 व्होल्टच सोसतो आणि इथे त्याच्यावर शिखराच्या दुप्पट दाब येतो. म्हणून 30 व्होल्टच्या वर त्याला थेट लावायचं नाही.

आता मुख्य गोष्ट. प्रोब ‘किती’ ते सांगतो, ‘काय’ ते सांगत नाही. हैदराबादच्या अश्हर फरहान यांच्या बिटएक्स 40 चा आराखडा तू घेतला आहेस. त्यात 12 मेगाहर्ट्झच्या आयएफमधून सुमारे 5 मेगाहर्ट्झचा व्हीएफओ वजा होऊन 7 मिळतात. पण त्याच मिक्सरमधून 17 सुद्धा निघतात, 12 आणि 5 थोडे झिरपतात, पुढे 14 आणि 21 चे हार्मोनिक येतात. शिवाय एखादी पायरी स्वतःच आंदोलन करू लागली, तरी मीटरचा काटा खुशीत वर जातो. काट्याच्या मागे लागून स्क्रू फिरवणारा बहुतेक वेळा हे भलतंच काहीतरी वाढवत असतो. म्हणून टायनीएसएसारखा छोटा स्पेक्ट्रम अॅनालायझर नाहीतर साधा वेव्हमीटर शेजारी हवाच. मुंबई अॅमॅच्युअर रेडिओ सोसायटीतल्या एखाद्या ज्येष्ठ हॅमला विचार, दोन दिवसांसाठी उपकरण मागून घेण्यात कमीपणा नाही. फिल्टर तपासायला नॅनोव्हीएनए पुरेल.

फ्रीक्वेन्सी काउंटर व्हीएफओच्या टँकवर थेट टेकवलास तर वारंवारता सरकेल. बफरनंतर टेकव.

वारंवारता मोजण्यावरून आठवलं. 1942 मध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत छुपा काँग्रेस रेडिओ चालवला. ऐकणाऱ्यांना जागा सांगितली जायची ती 42.34 मीटर. हिशेब कर, ती 7 मेगाहर्ट्झच्या थोडी वर पडते, म्हणजे आजच्या तुझ्याच पट्ट्यात. यात दुसरा दशांश एकाने बदलला तरी सुमारे 1.7 किलोहर्ट्झचा फरक पडतो. आकडा सांगायचा तर तो मोजलेला हवा, हे मला त्यातून फार भावतं.

आयआरएफ510 ट्रान्झिस्टरचा बायस लावताना प्रीसेट आधी शून्यावर आण, ड्रेनच्या तारेत अॅमीटर घाल, माइकमध्ये न बोलता पीटीटीचं बटण दाब आणि सावकाश सुमारे 100 मिलीअॅम्पियरपर्यंत ने.

भिवंडीत तुला आणखी एक अडचण येणार. आजूबाजूला यंत्रमाग रात्रंदिवस चालू असतात. मोटर चालू-बंद झाल्या की रिसीव्हरमधला गोंगाट वरखाली होतो, त्यामुळे कानाने ‘शिगेला’ आणलेला ट्रिमर खरा आहे की मोटर सुरू झाली, हे कळत नाही. व्होल्टेजही दबतं. सेट 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालव आणि कमी, स्थिर पातळीचा सिग्नल जनरेटरमधून दे. बीएफओ बसवताना मात्र हा गोंगाटच कामी येतो: मोबाइलवरच्या ऑडिओ स्पेक्ट्रम अॅपमध्ये आवाज साधारण 300 ते 2700 हर्ट्झमध्ये बसतो का ते बघ.

ऑसिलोस्कोपसाठी घरच्यांकडे आत्ताच हट्ट करू नकोस. ठाण्याच्या अॅपलॅबचा जुना 20 मेगाहर्ट्झचा चालू स्थितीत मिळाला तर जरूर घे. दोन स्वरांची चाचणी करताना लाटेचं डोकं चपटं होतंय का, हे त्याच्याइतकं स्पष्ट कुणी दाखवत नाही.

प्रत्येक स्क्रू फिरवण्याआधीचं आणि नंतरचं वाचन वहीत लिही. पानांचे फोटो मला पाठव. ते मी पाहिल्याशिवाय अँटेना जोडू नकोस.

तुझा,
मामा