खुलासा लिहिण्यापूर्वी : निवासी डॉक्टर आणि शिस्तभंगाची कारवाई

निवासी डॉक्टर, म्हणजे एमबीबीएसनंतर एमडी किंवा एमएसचे शिक्षण घेता घेता वॉर्ड, अपघात विभाग आणि रात्रपाळी सांभाळणारा पदव्युत्तर विद्यार्थी, हा कायद्याच्या दृष्टीने अर्धा विद्यार्थी आणि अर्धा कर्मचारी असतो. त्याला वेतन मिळत नाही, विद्यावेतन मिळते. त्याची परीक्षा नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेते, त्याची ड्युटी युनिटप्रमुख लावतात, शिस्त अधिष्ठात्यांच्या हाती असते आणि डॉक्टर म्हणून त्याची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते. यांपैकी कोणाची नोटीस आली आहे आणि ती काढण्याचा अधिकार त्यांना कोणत्या नियमाने मिळाला आहे, हे न पाहता उत्तर लिहून मोकळे होणे किती महागात पडते, हे ज्यांच्यावर अशी वेळ येऊन गेली त्या बहुतेकांना उशिरा कळलेले असते. कायदेशीर सल्ल्याची खरी गरज निलंबनानंतर नसून पहिला खुलासा लिहिण्यापूर्वी असते, हे या लेखाचे मुख्य सांगणे आहे.

सिंधुदुर्गासारख्या जिल्ह्यात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. २०२० च्या नियमदुरुस्तीने प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याला तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करणे बंधनकारक झाले असून ही योजना जिल्हा निवासी कार्यक्रम म्हणून ओळखली जाते. मोठ्या शहरातील महाविद्यालयातून ओरोसला किंवा तशाच एखाद्या जिल्ह्याच्या ठिकाणी आलेला डॉक्टर येथे कोणाला ओळखत नाही, त्याचे सहाध्यायी आणि संघटनेचे प्रतिनिधी शेकडो किलोमीटर दूर असतात, आणि तक्रार झाली तर ती येथील वरिष्ठांकडे होते, पण तिचे परिणाम मूळ महाविद्यालयात भोगावे लागतात. या काळात तो मूळ महाविद्यालयाचाच विद्यार्थी राहतो. म्हणून जिल्हा पातळीवरून आलेल्या प्रत्येक पत्राची माहिती त्याने त्याच दिवशी आपल्या विभागप्रमुखांना आणि अधिष्ठात्यांना लेखी कळवावी, कारण एकतर्फी अहवाल आधी पोहोचला की त्यामागून पाठवलेली बाजू सबबीसारखी वाचली जाते.

कारणे दाखवा नोटीस, म्हणजे कारवाई का करू नये याचे उत्तर मागणारे पत्र, बहुधा एका पानाचे असते. वर जावक क्रमांक, मध्ये ‘कर्तव्यात हलगर्जीपणा’, ‘वरिष्ठांशी उद्धट वर्तन’ किंवा ‘विनापरवानगी गैरहजर’ असे मोघम शब्द, आणि शेवटी चोवीस तासांत खुलासा न आल्यास आपले काही म्हणणे नाही असे समजून पुढील कार्यवाही केली जाईल, असे ठरीव वाक्य. हे पत्र अनेकदा रात्रपाळी संपताना हातात पडते. शेजारचा एखादा सीनियर आपुलकीने सांगतो, ‘माफीनामा देऊन टाक, विषय मिटेल,’ आणि झोपेविना काम केलेला डॉक्टर नर्सिंग स्टेशनच्या टेबलावर बसून ‘माझ्याकडून चूक झाली, पुन्हा असे होणार नाही’ असे लिहून देतो. विषय मात्र मिटत नाही. रुग्णाच्या नातेवाइकांनी पुढे ग्राहक आयोगात किंवा मेडिकल कौन्सिलकडे दाद मागितली, तर तेच चार ओळींचे पत्र कबुली म्हणून पुढे येते. चूक यंत्रणेची होती, ऑक्सिजनचा पॉइंट बंद होता, वरिष्ठांना फोन करूनही ते आले नव्हते, हे सांगण्याची वाट त्या पत्राने बंद केलेली असते.

नोटीस घेताना पोच म्हणून सही करण्यास हरकत नसते, मात्र सहीखाली तारीख आणि वेळ अवश्य घालावी. त्यानंतर दोन-तीन ओळींचा अर्ज देऊन मूळ तक्रारीची प्रत, संबंधित केसपेपर, ड्युटी रोस्टर आणि उत्तरासाठी वाजवी मुदत मागावी, आणि त्या अर्जावर आवक विभागाचा शिक्का घ्यावा. प्रती मिळाल्या नाहीत तर माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आहेच, पण त्याची तीस दिवसांची मुदत चौकशीच्या वेगापुढे फार लांब पडते, म्हणून अर्ज पहिल्याच आठवड्यात जावा. प्रत्यक्ष खुलाशात आपण पाहिले, केले आणि कळवले तेवढेच वेळेसह लिहावे. सहकाऱ्यावर ठपका ठेवू नये, भावना ओतू नयेत, ज्याची आठवण नाही ते आठवते असे म्हणू नये. सर्वांत गंभीर इशारा केसपेपरविषयी आहे. नोटीस आल्यावर त्यात नंतरची नोंद घालणे किंवा शाईने काही खोडणे हे मूळ आरोपापेक्षा मोठे संकट ओढवून घेणे होय, कारण हलगर्जीपणाचा बचाव करता येतो, बनावट नोंदीचा करता येत नाही. युनिटच्या व्हॉट्सअॅप गटातील संदेश पुरावा ठरू शकतात, परंतु न्यायालयात ते दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र लागते. म्हणून फोन बदलू नये, संदेश पुसू नयेत.

पुढची पायरी चौकशी समितीची. तेथे लागू होणारे तत्त्व नैसर्गिक न्यायाचे आहे, म्हणजे आरोप स्पष्ट कळला पाहिजे, पुरावा पाहायला मिळाला पाहिजे, बाजू मांडण्याची संधी मिळाली पाहिजे आणि निर्णय देणारा त्या प्रकरणात स्वतः गुंतलेला नसावा. वकील सोबत नेण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. मात्र मुंबई पोर्ट ट्रस्ट विरुद्ध दिलीपकुमार नाडकर्णी या १९८२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की व्यवस्थापनाने कायद्याचा जाणकार उभा केला असेल, तर समोरच्यालाही वकील नाकारता येणार नाही. चौकशीचा अहवाल शिक्षेपूर्वी संबंधिताला दिला पाहिजे, हे १९९३ च्या करुणाकर प्रकरणात ठरले. हे दोन्ही निकाल कर्मचाऱ्यांविषयीचे आहेत, आणि निवासी डॉक्टर कर्मचारी नाही असा युक्तिवाद समोरून हमखास येतो; त्याला उत्तर असे की विद्यार्थ्यांनाही शिक्षेपूर्वी म्हणणे मांडू दिले पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये घनश्यामदास गुप्ता प्रकरणातच मान्य केले आहे. दोन प्रकारच्या तक्रारींची वाट मात्र वेगळी असते. लैंगिक छळाच्या तक्रारीत अंतर्गत समितीपुढे कोणत्याही पक्षाला वकील आणता येत नाही, आणि रॅगिंगच्या तक्रारीत महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्यानुसार संस्थाप्रमुखांनी सात दिवसांत चौकशी करून तथ्य दिसल्यास निलंबन करायचे असते. येथे सल्ल्यासाठी दिवस नव्हे, तास हाती असतात.

सिंधुदुर्गातील रुग्ण मोठ्या संख्येने ज्या रुग्णालयाकडे धाव घेतात त्या बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात जून २०२५ मध्ये घडलेला प्रसंग या संदर्भात ध्यानात ठेवण्याजोगा आहे. आरोग्यमंत्री विश्वजित राणे यांनी अपघात विभागातील मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याला कॅमेऱ्यांसमोर खडसावून निलंबनाचा आदेश दिला, आणि दुसऱ्याच दिवशी मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी निलंबन होणार नसल्याचे जाहीर केले. तो डॉक्टर निवासी नव्हता, तरी त्याच्या बाजूने निवासी डॉक्टर उभे राहिले, हे उचितच झाले. परंतु तो आदेश मागे गेला तो चित्रफीत देशभर पाहिली गेली म्हणून. ज्या तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या रुग्णालयात कॅमेरा नसतो, तेथे तोंडी ‘उद्यापासून येऊ नका’ असे सांगितले जाते आणि मस्टरवर गैरहजेरी लागत राहते. असा तोंडी आदेश मिळाल्यास त्याच दिवशी ईमेलने लेखी आदेश मागावा आणि कामावर हजर राहण्याची तयारी नोंदवावी. पदव्युत्तर नियमांनुसार परीक्षेला बसण्यासाठी ८० टक्के हजेरी लागते. त्यामुळे निलंबन पुढे बेकायदा ठरले तरी गेलेले सत्र परत येत नाही, आणि खरी शिक्षा तीच असते.

नायर रुग्णालयातील डॉ. पायल तडवी यांच्या मे २०१९ मधील मृत्यूने महाराष्ट्र हादरला, आणि हादरायलाच हवा होता. आदिवासी समाजातील एका तरुण डॉक्टरच्या छळाची कैफियत जिवंतपणी ऐकली गेली असती तर, हा प्रश्न आजही बोचतो. आरोपी असलेल्या तीन निवासी डॉक्टरांना सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये खटला प्रलंबित असतानाही अभ्यासक्रम पूर्ण करण्याची मुभा दिली. मुभा म्हणजे निर्दोषत्व नव्हे. आरोप सिद्ध होईपर्यंत शिक्षण तोडू नये, एवढाच तिचा अर्थ. न्याय्य चौकशी आरोपीइतकीच तक्रारदाराच्याही हिताची असते, कारण घाईने केलेली कारवाई तांत्रिक कारणाने न्यायालयात कोसळली की पीडिताच्या हाती काहीच उरत नाही.

मदत कोठे मिळते? मार्ड ही निवासी डॉक्टरांची संघटना पाठीशी उभी राहते. २०१७ च्या मार्चमध्ये धुळ्यातील हल्ल्यानंतरच्या सामूहिक रजेत शेकडो जणांवर निलंबनाची वेळ आली, तेव्हा संघटनेचे बळ दिसले. पण एकट्यावरच्या आरोपात संघटनेचे निवेदन वकिलाची जागा घेऊ शकत नाही. कुडाळ, कणकवली, सावंतवाडी, मालवण येथील वकिलांकडे मुख्यतः जमिनीची, कुळाची आणि वाटणीची प्रकरणे येतात. सेवा आणि शिक्षणविषयक कायद्याचा जाणकार पूर्वी मुंबईत शोधावा लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झाले असून सिंधुदुर्ग त्याच्या कक्षेत आहे, त्यामुळे रिट याचिका, म्हणजे सार्वजनिक संस्थेच्या बेकायदा आदेशाविरुद्ध थेट उच्च न्यायालयाकडे मागितलेली दाद, आता फोंडा घाट चढून दाखल करता येते. सार्वजनिक कर्तव्य बजावणाऱ्या खासगी महाविद्यालयाविरुद्धही ती चालू शकते, हे १९८९ च्या रुदानी निकालापासून मान्य आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून १९८७ च्या कायद्यानुसार मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी महिलांना तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट नाही. डॉक्टरला कसली फुकट मदत, या संकोचाने हा हक्क सोडून देण्याचे काहीच कारण नाही. राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक १५१०० आहे.

जिल्हा रुग्णालयातील तीन महिने विनातक्रार संपले तरी निघण्यापूर्वी कार्यमुक्तीचे पत्र, हजेरीचा दाखला आणि वरिष्ठांच्या सहीची लॉगबुक यांच्या प्रती स्वतःजवळ ठेवाव्यात, कारण तक्रार कधीकधी डॉक्टर गेल्यावर येते आणि त्या वेळी त्याच्या बाजूने बोलणारे कोणी त्या वॉर्डात उरलेले नसते.