धाकटा समुद्र

स्पेन देशाच्या आग्नेय किनाऱ्यावर मार मेनोर नावाचे खाऱ्या पाण्याचे एक विस्तीर्ण सरोवर आहे. मार मेनोर या शब्दांचा अर्थ धाकटा समुद्र. सुमारे २२ किलोमीटर लांबीच्या वाळूच्या चिंचोळ्या पट्टीने ते भूमध्य समुद्रापासून वेगळे झाले आहे. अशा सरोवरास खारकच्छ म्हणतात. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १३५ चौरस किलोमीटर असून पाणी मात्र उथळ आहे. एके काळी ते इतके नितळ असे की, तळावरील वाळू व वनस्पती सहज दिसत.

या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीवाणू पूर्वीपासून नांदत आले आहेत. त्यांपैकी काही सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने स्वतःचे अन्न तयार करतात. काही मृत जीवांचे विघटन करून पाणी स्वच्छ राखतात. पाण्यात नत्र व स्फुरद ही पोषकद्रव्ये बेताचीच होती, म्हणून जीवाणूंची संख्याही बेताची राहत असे.

१९७९ साली ताहो नदीचे पाणी कालव्याने या भागात आले आणि कोरडवाहू जमिनीवर बागायती शेती वाढली. शेतात टाकलेल्या खतांपैकी पिकांनी न घेतलेला अंश ओढ्यांतून व भूजलातून सरोवरात उतरू लागला. अनेक वर्षे सरोवराने तो भार सोसला. अखेर २०१६ साली सूक्ष्म नीलहरित जीवाणू व शैवाल यांची बेसुमार वाढ होऊन पाणी हिरवेगार झाले. तळापर्यंत सूर्यप्रकाश पोहोचेना. तेथील सुमारे ८५ टक्के वनस्पती नष्ट झाल्या.

मृत वनस्पतींचे विघटन करताना जीवाणू पाण्यातील प्राणवायू वापरतात. प्राणवायू संपला की, त्यावाचून जगणारे दुसरे जीवाणू प्रबळ होतात व सडक्या अंड्यांसारखा वास येणारा विषारी वायू निर्माण करतात. सप्टेंबर २०१९ मध्ये अतिवृष्टी झाली. पुराचे गोडे पाणी वर पसरले आणि खालच्या जड, खाऱ्या पाण्याचा हवेशी संबंध तुटला. १२ ऑक्टोबर रोजी मासे, वाम, कोळंबी व खेकडे श्वासासाठी तडफडत काठाशी आले आणि तेथेच गतप्राण झाले. ऑगस्ट २०२१ मध्ये पुन्हा तोच प्रसंग ओढवला.

तेव्हा हजारो लोक हातात हात गुंफून सरोवराभोवती उभे राहिले. सहा लाखांहून अधिक नागरिकांनी मागणीपत्रावर सह्या केल्या. २०२२ साली स्पेनच्या संसदेने कायदा करून या सरोवरास व्यक्तीप्रमाणे हक्क दिले. त्याच्या वतीने आता कोणीही नागरिक न्यायालयात दाद मागू शकतो.

अति तेथे माती, ही म्हण पाण्यालाही लागू पडते. जीवाणू आपले काम पूर्वी करीत होते, तसेच आजही करीत आहेत. बदलले ते त्यांच्यापुढे वाढलेले ताट. आणि ते वाढणारा हात माणसाचाच होता.