शेवाळाचे तेल

उन्हाळ्यात भीमेच्या काठी उभे राहिले, की पाणी हिरवे दिसते. पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठेतून येते. शिरूर तालुक्यात रांजणगाव सांडसजवळ ही नदी भीमेला मिळते. तेच पाणी पुढे दौंडवरून उजनीला जाते. सांडपाण्यात नत्र आणि स्फुरद असते. पिकाला जे खत, तेच शेवाळाला खत. वर ऊन मिळाले, की शेवाळ भराभर वाढते.

या शेवाळापासून डिझेल होते म्हणे, खरे का? असे पुष्कळ जण विचारतात. आम्ही सांगतो, खरे आहे. भुईमूग दाण्यात तेल साठवतो, तसे काही जातींचे शेवाळही तेल साठवते. मग ते स्वस्त का मिळत नाही? चला, आपण हिशेब करू.

मुद्दाम शेवाळ वाढवलेल्या तळ्याच्या १ लिटर पाण्यात वाळलेले शेवाळ निघते साधारण अर्धा ग्रॅम. म्हणजे १ किलो शेवाळासाठी २,००० लिटर पाणी गाळावे लागते. त्यात पाचवा हिस्सा तेल धरू. १ किलोत २०० ग्रॅम तेल आले. १ लिटर तेलाचे वजन सुमारे ९०० ग्रॅम. म्हणून १ लिटर तेलाला शेवाळ साडेचार किलो आणि पाणी ९,००० लिटर. टँकरभर पाणी गाळायचे, तेव्हा हाती येणार एक लिटर तेल! गाळायला आणि वाळवायला खर्च लागतो, तो वेगळाच.

अमेरिकेच्या सरकारने १९७८ ते १९९६ या काळात हे करून पाहिले. तेल निघाले, पण महाग पडले. एक्झॉन या बड्या तेल कंपनीने २००९ मध्ये हे काम हाती घेतले आणि २०२३ मध्ये सोडून दिले.

तेव्हा उद्या कोणी गावात आला आणि म्हणाला, "शेततळ्यात शेवाळ वाढवा, तेल आम्ही घेऊ, आधी पैसे भरा," तर त्याला हा हिशेब विचारा. हिशेब देता आला नाही, तर पैसे देऊ नका.

मग आपल्या हाती काय आहे? गोबर गॅस आहे. रोज ५० किलो शेण, म्हणजे चार-पाच जनावरांचे, मिळाले तर २ घनमीटरचे संयंत्र चालते. चार-पाच माणसांचा स्वयंपाक होतो. उरलेली स्लरी शेताला खत होते. नदीतली जलपर्णी बारीक चिरून शेणात थोडी थोडी मिसळली, तर तिचाही गॅस होतो. वाळवायची गरज नाही.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. ज्या पाण्यावर हिरवा तवंग आला आहे, ते जनावरांना पाजू नका. काही शेवाळ विषारी असते. पाणी उकळले, तरी ते विष जात नाही.

सांगा पाहू :
१. ५ लिटर तेलासाठी किती पाणी गाळावे लागेल?
२. तुमच्या गोठ्यात रोज किती शेण निघते? त्यावर गॅस चालेल का?