अंगणवाडीतून शाळेत : भिवंडी परिसरातील बालकांची पूर्वतयारी

ठाणे जिल्ह्यातील भिवंडीचे नाव उच्चारताच यंत्रमागांची अखंड खटखट कानी येते. कामवारी नदीच्या काठी वसलेल्या या गावाने आधी हातमाग पाहिला, मग यंत्रमाग, आणि अलीकडच्या दशकांत काल्हेर, दापोडे, राहनाळ या पट्ट्यात उभी राहिलेली गोदामेही पाहिली. २०११ च्या जनगणनेच्या वेळीच भिवंडी-निजामपूर शहराची लोकसंख्या सात लाखांवर पोचली होती. येथे किती कापड विणले जाते आणि किती माल गोदामांत उतरतो याचा हिशेब पुष्कळजण ठेवतात. परंतु दरवर्षी एप्रिल ते जून या अवधीत या शहरात व तालुक्यात आणखी एक स्थित्यंतर घडत असते. अंगणवाडीच्या मोठ्या गटातील मुले तेथील सतरंजी सोडून शाळेच्या वर्गाकडे निघतात. अंतर पाहिले तर ते एखाद्या गल्लीचे असते. मुलाच्या दृष्टीने मात्र ते फार मोठे असते, आणि काही मुले याच अंतरात हरवतात.

हरवतात म्हणजे काय, हे समजून घेण्यासाठी प्रशासनाची रचना थोडी पाहावी लागते. अंगणवाडी महिला व बालविकास विभागाच्या कक्षेत येते, तर शाळा शहरात महानगरपालिकेच्या व ग्रामीण भागात जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाकडे असते. सेविकेच्या नोंदवहीत नाव, जन्मतारीख, वजन, उंची, लसीकरण असे सारे काही असते. शाळेचा दाखलखारीज मात्र नव्याने सुरू होतो. एका वहीतून नाव कमी झाले आणि दुसरीत लागलेच नाही, तर दोन्ही वह्या आपापल्या जागी बिनचूक राहतात आणि मूल दोहोंतही नसते. कोणाही एका कर्मचाऱ्याचा दोष यात दाखवता येत नाही, आणि म्हणूनच ही उणीव वर्षानुवर्षे टिकते.

कोसबाडचा वारसा

बालशिक्षणाच्या बाबतीत या भागाला उसन्या विचारांची गरज नाही. ज्या अंगणवाडीचे नाव आज देशभर रूढ आहे, तिची कल्पना तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातच रुजली. ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये गिजुभाई बधेका यांच्या समवेत नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना केली आणि १९४५ मध्ये डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र उघडले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. मध्यवर्ती बालवाडीत वस्तीवरची मुले येत नाहीत असे दिसताच या दोघींनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. अंगणात भरते ती अंगणवाडी, इतके ते साधे नाव होते. पुढे १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये गेले. तेथे मोठी भावंडे गुरे राखतात व धाकट्यांना सांभाळतात असे आढळले, तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छताखाली आणण्यात आली. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा सुरू झाली. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने आपली जागा व वेळ बदलावी, हा त्यामागील विचार होता. कोसबाड २०१४ पासून नव्या पालघर जिल्ह्यात गेले, पण भिवंडीपासून ते आजही काही तासांच्या वाटेवर आहे.

पाश्चात्य देशांतही ही वाट फार जुनी नाही. जर्मनीत फ्रीडरिख फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’ म्हणजे मुलांची बाग असे नाव दिले. मारिया माँटेसरी यांचे पहिले बालगृह १९०७ मध्ये रोममधील कामगार वस्तीत उघडले. आज भिवंडीच्या गल्लीबोळांत ‘ज्युनियर केजी’, ‘सीनियर केजी’ असे फलक दिसतात. त्या दोन अक्षरांचा मूळ अर्थ बाग असा आहे, हे आतील चार वर्षांच्या मुलाचा गृहपाठ पाहून मात्र सहसा ध्यानात येत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पहिलीच्या आधीच्या वर्गास ‘बालवाटिका’ हे नाव दिले. शब्दाने निदान आपला अर्थ परत मिळविला, असे म्हणावयास हरकत नाही.

तयारी कशास म्हणावी?

मूल पहिलीसाठी तयार आहे काय, असे विचारताच बहुतेक पालक मुळाक्षरे व अंक यांकडे बोट दाखवितात. अंगणवाडीत ‘काहीच लिहून घेत नाहीत’ ही तक्रार सेविकांना नेहमी ऐकावी लागते. तक्रारीमागची तळमळ खरी आहे. बारा-बारा तासांच्या पाळीत माग चालविणाऱ्या बापाला मुलाच्या वहीचे भरलेले पान दिसले की कष्टाचे चीज झाल्यासारखे वाटते. परंतु चार-पाच वर्षांच्या मुलाच्या मनगटाची हाडे अद्याप पक्की झालेली नसतात आणि बोटांचे लहान स्नायूही पुरते स्थिर झालेले नसतात. अशा हाताला ओळींत अक्षर बसविण्यास लावले तर अक्षर येते, पण त्यासोबत लेखनाचा कंटाळाही येतो. तोच हात माती मळतो, मणी ओवतो, कागद फाडून चिकटवितो, रांगोळीचे ठिपके जोडतो, तेव्हा लेखनाचीच तयारी होत असते.

गणिताचेही तेच आहे. एक ते शंभर घडाघडा म्हणणारे मूल ‘पाच बॉबिनी आण’ म्हटल्यावर कधी चार आणते, कधी सहा. संख्येचे नाव त्याला पाठ असते, परंतु त्या नावाचा आणि समोरच्या ढिगाचा मेळ बसलेला नसतो. हा मेळ बसविण्यासाठी लहान-मोठे, कमी-जास्त, एकास एक जोडी, रंगाप्रमाणे व आकाराप्रमाणे वर्गवारी या गोष्टी आधी व्हाव्या लागतात. कोसबाडला महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया, पाने व खडे वापरले गेले. भिवंडीत त्यांच्या जोडीला रिकाम्या बॉबिनी, सुताचे कोन आणि रंगीत कापडाचे तुकडे सहज मिळतात. ते धुऊन, टोकदार कडा पाहून घेऊन वापरले तर त्यांहून चांगले गणनसाहित्य विकत घेण्याचे कारण नाही.

वाचनाची पूर्वतयारी कानाने होते. दोन शब्दांचा शेवट सारखा आहे, ‘कमळ’ आणि ‘कपाट’ यांचा आरंभ सारखा आहे, हे ज्या मुलाला ऐकून कळते त्याला अक्षर शिकविणे सोपे जाते. येथे भिवंडीची एक खास अडचण आहे. मागाच्या खात्यालगतच ज्यांचे बिऱ्हाड आहे, अशा घरांत माणसे ओरडून व थोडक्यात बोलतात. लांब गोष्ट सांगण्यास तेथे उसंत नसते आणि शांतताही नसते. अशा मुलासाठी अंगणवाडीतील गोष्टीचा अर्धा तास हा करमणुकीचा भाग मानून चालणार नाही. कित्येकदा दिवसातील तेवढाच वेळ सबंध वाक्ये त्याच्या कानी पडतात.

याखेरीज काही गोष्टी कोणत्याच प्रगतिपत्रकात नसतात. आईचा हात सोडून तीन-चार तास राहणे, लघवीला जायचे आहे हे अनोळखी बाईंना सांगणे, चप्पल-बटण स्वतः घालणे, डबा उघडणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, या त्या गोष्टी होत. पहिलीत येऊन पहिल्याच आठवड्यात शाळा टाकणाऱ्या मुलाच्या घरी जाऊन विचारपूस केली, तर पुष्कळदा कारण अशाच एखाद्या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीत सापडते.

घरची भाषा, वर्गाची भाषा

या शहरात मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू या भाषा एकाच रस्त्यावर ऐकू येतात. उत्तर प्रदेशातून आलेले विणकर, तेलंगणातून आलेले पद्मशाली, कोकणी मुसलमान, आसपासच्या गावांतील आगरी व कुणबी आणि तालुक्याच्या डोंगराळ भागातील वारली व कातकरी, अशी ही वस्ती आहे. पालक माध्यम निवडतात ते पुढील व्यवहार पाहून. मुलाची जीभ मात्र घरच्या भाषेत असते. तेलुगू घरातील मूल पाण्याला ‘नीळ्ळु’ म्हणते. मराठी बाई त्याला निळा खडू देतील आणि मूल तहानलेलेच राहील, असे घडणे अशक्य नाही. आगरी वा कातकरी बोलणाऱ्या मुलाची स्थिती तर अधिक अवघड असते, कारण त्याची भाषा ‘मराठीच’ धरली जाते आणि तो चुकतो आहे असे समजले जाते. पहिल्या दोन-तीन महिन्यांत शिक्षकाने मुलांच्या घरच्या भाषेतील तीस-चाळीस शब्द टिपून ठेवले, तरी वर्गाचा नूर बदलतो. त्यासाठी कोणत्याही परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही.

वीटभट्टीवरील मुले

सर्वांत बिकट प्रश्न वीटभट्ट्यांवरील बालकांचा आहे. दिवाळी झाली की जव्हार, मोखाडा, विक्रमगड, शहापूर या भागांतून कातकरी व इतर आदिवासी कुटुंबे उचल घेऊन भट्ट्यांवर येतात. भिवंडी तालुका हे त्यांचे एक जुने ठिकाण आहे. पावसाच्या तोंडावर ती परततात. म्हणजे शाळेपूर्वीच्या वर्षातील सारा मोलाचा काळ, नोव्हेंबरपासून मेपर्यंतचा, मूल आपल्या अंगणवाडीपासून दूर भट्टीवरच्या झोपडीत काढते. १९९० च्या दशकात विधायक संसद या संस्थेने अशा मुलांसाठी भट्टीवरच भोंगा शाळा चालविल्या. भोंगा म्हणजे मजुरांची तात्पुरती झोपडी. कुरणशाळेचाच तो विचार नव्या जागी आला, असे म्हणता येईल.

आज साधने अधिक आहेत. गावी मागे राहणाऱ्या शाळकरी भावंडांसाठी हंगामी वसतिगृहे आहेत आणि एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाणाऱ्यांसाठी शिक्षण हमी पत्रक आहे. २०२१ पासून वापरात आलेल्या पोषण ट्रॅकरमध्ये एका अंगणवाडीतील लाभार्थी दुसरीत वर्ग करण्याची सोयही आहे. परंतु पाच वर्षांचे मूल अद्याप शाळेचे विद्यार्थी नसल्याने हमी पत्रकाच्या कक्षेत बसत नाही, आणि भट्टी गावठाणापासून दूर असल्याने जवळच्या सेविकेला ते दिसत नाही. ग्रामपंचायतीस मात्र ते दिसू शकते. हद्दीत कोणती भट्टी पेटली आणि तिच्यावर किती कुटुंबे उतरली, हे सदस्यांना आठवड्याच्या आत कळते. ती यादी सेविकेकडे पोचविणे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे.

एप्रिल ते जून

२०२२ पासून राज्यात ‘पहिले पाऊल’ या नावाने शाळापूर्व तयारीचे मेळावे भरविण्यास आरंभ झाला. एक मेळावा शाळा सुटण्यापूर्वी व दुसरा जूनमध्ये, अशी त्याची आखणी आहे. शारीरिक, बौद्धिक, सामाजिक व भावनिक विकास, भाषा, गणनपूर्व तयारी अशा टेबलांवरून मूल पुढे जाते आणि मधल्या सुट्टीच्या काळात मातांचे गट घरच्या घरी करावयाच्या कृती चालू ठेवतात. मेळाव्यात मुलाची परीक्षा घ्यावयाची नसते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेच प्रवेशासाठी मुलाची वा पालकाची चाचणी घेण्यास मनाई केली आहे.

वयाच्या दाखल्याबाबत अजूनही विनाकारण अडवणूक होताना आढळते. जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. रुग्णालयाची वा परिचारिकेची नोंद, अंगणवाडीची नोंद किंवा पालकाचे घोषणापत्र वयाचा पुरावा म्हणून ग्राह्य आहे. म्हणजे सेविकेची वही हा केवळ आहाराचा हिशेब ठरत नाही, तो मुलाचा दाखलाही असतो. राज्यात पहिलीच्या प्रवेशासाठी ३१ डिसेंबर ही तारीख धरून सहा वर्षे मोजण्याचा प्रघात पडला आहे. त्यामुळे जूनमध्ये एकाच बाकावर साडेपाच व साडेसहा वर्षांची मुले बसतात. त्या वयात बारा महिने म्हणजे आयुष्याचा पाचवा-सहावा हिस्सा होय. धाकटे मागे पडले तर ते मंद आहे असा शेरा पहिल्या सत्रात तरी देऊ नये.

आहाराची बाबही येथेच येते. मोठ्या गटाचे मूल ‘आता शाळेत जाणार’ म्हणून एप्रिलमध्येच अंगणवाडीतून काढले, तर शाळेचा पोषण आहार सुरू होईपर्यंत दीड महिना त्याच्या वाट्याला काहीच येत नाही. शाळेत प्रत्यक्ष दाखल होईपर्यंत त्याचे नाव अंगणवाडीत राहू देणे अगत्याचे आहे. पाचव्या वर्षानंतरचा डीपीटीचा दुसरा वर्धक डोसही याच काळात हुकतो, कारण लस टोचून घेण्यास बोलावणारी सेविका मागे राहिलेली असते व शाळा अद्याप उघडलेली नसते.

या साऱ्यावर एक साधा उपाय काही ठिकाणी अनुसरला जातो. एप्रिलच्या अखेरीस सेविका मोठ्या गटाची यादी दोन प्रतींत तयार करते. एक प्रत मुख्याध्यापकांकडे जाते. नावासमोर घरची भाषा, वजन-उंची, राहिलेली लस, ऐकण्या-पाहण्यातील शंका आणि कुटुंब उन्हाळ्यात कोठे जाते, एवढे पाच रकाने असतात. शाळा उघडल्याच्या दिवशी पताका, फुगे व गोड खाऊ देऊन मुलांचे स्वागत होते, ते योग्यच आहे. परंतु यादी खरी उपयोगी पडते ती त्यानंतर पंधराव्या दिवशी. त्या दिवशी सेविका व पहिलीचे शिक्षक ती समोर घेऊन बसतात, हजेरीपटाशी ताडून पाहतात आणि ज्या नावासमोर खूण होत नाही त्या घराकडे दोघेही मिळून जातात. गावी गेलेले विणकर कुटुंब कधी जूनच्या अखेरीस परतते, कधी जुलै उजाडतो. कायद्याने वर्षभरात केव्हाही प्रवेश देता येतो, म्हणून ती यादी दिवाळीपर्यंत शिक्षकाच्या खणातच ठेवण्यात येते.