गळकी टाकी आणि मोटारसायकलची बॅटरी



मे महिन्याची सुट्टी संपवून आपण गावाहून परत येतो. गाडीवरची धूळ पुसतो, चावी फिरवतो, सेल्फ दाबतो आणि आतून नुसता "टक टक" आवाज येतो. गाडी काही चालू होत नाही. ढकलत गॅरेजला नेली की मेकॅनिक म्हणतो, "सर, बॅटरी गेली. अलार्म आहे ना, आता मोठी टाका."

माझ्या बाबतीत हे लागोपाठ दोन वर्षे झाले. दुसऱ्या वेळी बॅटरी वॉरंटीत होती. पण दुकानदाराने तपासून सांगितले की बॅटरी पूर्ण रिकामी पडून राहिल्यामुळे खराब झाली आहे, हा बनवण्यातला दोष नाही, बदलून मिळणार नाही. तेव्हा राग आला. घरी येऊन वही-पेन घेऊन बसलो, तेव्हा कळले की त्याचे बरोबर होते. वर्गात रोज गुणाकार-भागाकार शिकवणाऱ्या मी स्वतःच्या गाडीचे गणित कधी केलेच नव्हते. ते गणित आज आपण करू.

बॅटरीवरचे आकडे

बॅटरीला पाण्याची टाकी समजा. बॅटरीवर दोन आकडे असतात. पहिला १२ व्होल्ट, म्हणजे पाण्याचा दाब. दुसरा अँपिअर-तास (एएच), म्हणजे टाकी केवढी आहे ते. ४ एएचची बॅटरी १ अँपिअर प्रवाह ढोबळमानाने ४ तास देईल, किंवा अर्धा अँपिअर ८ तास देईल. १०० सीसीच्या आसपासच्या गाड्यांना साधारण ३ ते ४ एएचची बॅटरी असते, मोठ्या गाड्यांना ८-९ किंवा त्याहून जास्त.

सेल्फ म्हणजे या टाकीचा पूर्ण उघडलेला नळ, आणि अलार्म म्हणजे थेंब थेंब गळणारा. गाडी बंद असली तरी अलार्म जागा असतो. रिमोटची वाट बघायला आणि धक्का ओळखायला त्याला सतत थोडी वीज लागते.

गळती कशी मोजायची?

साधा मल्टिमीटर पुरतो. आधी गाडी बंद करून चावी काढून घ्यावी. बॅटरीच्या ऋण (−) टोकाची वायर सोडवावी. मीटर १० अँपिअरच्या रेंजवर ठेवून एक पिन सुटलेल्या वायरला आणि दुसरी बॅटरीच्या ऋण टोकाला लावावी. अलार्म लावून एक-दोन मिनिटे थांबावे, कारण सुरुवातीला तो जास्त प्रवाह घेतो. आकडा अगदी लहान दिसला की मगच मीटर मिलिअँपिअरच्या रेंजवर न्यावा. मीटर जोडलेला असताना चावी फिरवू नये आणि सेल्फ तर मुळीच दाबू नये. मीटरचा फ्यूज लगेच उडेल.

माझ्या गाडीत आकडा आला १५ मिलिअँपिअर. अलार्मचा फ्यूज काढल्यावर राहिला फक्त १. म्हणजे गळती जवळजवळ सगळी अलार्मची होती.

आता गणित

एका दिवसाची गळती: १५ × २४ = ३६० मिलिअँपिअर-तास, म्हणजे ०.३६ एएच.

माझी बॅटरी ४ एएचची. ४ ÷ ०.३६ = सुमारे ११ दिवस. पण लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्यापेक्षा जास्त रिकामी होऊ देऊ नये. ती रिकामी पडून राहिली की आतल्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कडक स्फटिक जमतात आणि मग चार्ज करूनही बॅटरी पूर्वीसारखी होत नाही. म्हणजे हिशेबाला धरायचे फक्त २ एएच. २ ÷ ०.३६ = साडेपाच दिवस!

आणि सुट्टी किती? ४० दिवस धरू. ०.३६ × ४० = १४.४ एएच. म्हणजे मेकॅनिकचे ऐकून ९ एएचची बॅटरी कशीबशी बसवली असती, तरी तीही मेलीच असती. त्यात उन्हाळ्यात बॅटरी आपोआपही जास्त उतरते, ते वेगळेच.

आणखी एक गंमत बघा. सेल्फ ५० अँपिअर घेतो आणि तो ३ सेकंद दाबला असे धरू. ५० × ३ ÷ ३६०० = ०.०४२ एएच, म्हणजे ४२ मिलिअँपिअर-तास. तेवढी वीज अलार्म तीन तासांतच खातो. आपण मात्र "सेल्फ जास्त मारू नको, बॅटरी उतरेल" असे घरी ओरडत असतो. प्रवाह किती एवढेच बघून चालत नाही, तो किती वेळ चालू आहे तेही बघावे लागते.

मग नवीन बॅटरी घेताना काय बघावे?

१. गाडी रोज निदान अर्धा तास चालत असेल, तर रात्रभराची गळती सहसा भरून निघते. अशा वेळी कंपनीने सांगितलेल्या एएचचीच बॅटरी पुरे.

२. गाडी आठवड्यातून एकदा-दोनदाच निघत असेल, तर त्याच खोक्यात बसणारी एक पायरी जास्त एएचची बॅटरी घ्यायला हरकत नाही. जास्त एएचमुळे वायरिंग जळते हा गैरसमज आहे. पण व्होल्ट १२ च हवेत. लांबी-रुंदी-उंची मोजून घ्या. धन आणि ऋण टोके जुन्या बॅटरीच्याच बाजूंना आहेत ना, हे दोन्ही बॅटऱ्या शेजारी ठेवून बघा.

३. मेंटेनन्स-फ्री (सीलबंद) बॅटरी सोयीची, कारण पाणी घालावे लागत नाही. वजनाने हलकी लिथियम बॅटरी घेताना मात्र सावध. काहींवर "१२ एएच समतुल्य" लिहिलेले असते. ते सेल्फच्या ताकदीपुरते खरे असते, आतली खरी क्षमता त्याच्या एक तृतीयांशाच्या आसपास असू शकते. अलार्मला ताकद लागत नाही, साठा लागतो. शिवाय लिथियम बॅटरी पूर्ण रिकामी झाली की बहुधा कायमचीच जाते.

४. बनवल्याची तारीख बघा. दुकानात पडून राहिलेली बॅटरीही उतरते. तयार चार्ज केलेली बॅटरी घेत असाल तर दुकानातच मीटर लावायला सांगा. १२.६ व्होल्टच्या आसपास किंवा वर आकडा यायला हवा.

५. बसवल्यावर गाडी चालू करून थोडी रेस देऊन पुन्हा मोजा. साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट आले तर चार्जिंग ठीक आहे. १३ च्याही खाली किंवा १५ च्या वर आले तर दोष बॅटरीत नाही, चार्जिंगमध्ये आहे. तो दुरुस्त न करता नवीन बॅटरी टाकली तर तीही जाईल.

६. जुनी बॅटरी दुकानातच परत द्या. तिचे थोडे पैसेही वजा होतात. आत शिसे आणि आम्ल असते, त्यामुळे ती कचऱ्यात टाकू नये आणि मुलांच्या हाती लागू देऊ नये.

सुट्टीला जाताना

माझ्या प्रश्नाचे खरे उत्तर मोठ्या बॅटरीत नव्हतेच. आता सुट्टीला निघताना मी ऋण टोकाची वायर सोडतो, तिच्यावर टेप गुंडाळतो आणि गाडीला साखळी-कुलूप लावतो, कारण वायर काढली की अलार्म झोपतो. काही अलार्मच्या भोंग्यात स्वतःची छोटी बॅटरी असते. त्यांची वायर काढली की ते बोंबलू लागतात, म्हणून आधी तो भोंगा त्याच्या चावीने बंद करावा. बॅटरीच काढायची असेल तर आधी ऋण, मग धन. बसवताना उलट. गाडी उघड्यावर राहणार असेल आणि अलार्म चालूच हवा असेल, तर शेजाऱ्याला आठवड्यातून दोनदा गाडी फिरवायला सांगा, किंवा बॅटरी भरलेली ठेवणारा छोटा चार्जर लावा.

मुलांसाठी उदाहरणे

वायरी आणि बॅटरी हाताळण्याचे काम मोठ्यांचेच. मुलांना फक्त आकडे द्यावेत. सहावी-सातवीला हे जमते.

१. अलार्म १० मिलिअँपिअर घेतो. ५ एएचची बॅटरी निम्मी व्हायला किती दिवस लागतील?
२. बॅटरी ९ एएचची आहे. १५ दिवसांनी ती निम्म्याच्या वरच राहायला हवी, तर गळती जास्तीत जास्त किती चालेल?

पहिल्याचे उत्तर सुमारे साडेदहा दिवस, दुसऱ्याचे साडेबारा मिलिअँपिअर.

माझ्या वर्गातल्या एकाने पहिले उदाहरण सोडवले आणि संध्याकाळी घरच्या गाडीच्या बॅटरीवरचा आकडा वाचून वहीत लिहून आणला. बॅटरीचे पैसे दोनदा गेले खरे, पण त्यातून एक तास चांगला झाला. तुमचे पैसे मात्र वाचू देत. सुट्टी लागण्याआधी एकदा हा भागाकार करून बघा.