पावसाळा सरला, सायकल निघाली. पण जरा बेताने!

परतीचा पाऊस एकदाचा निरोप घेतो, सकाळी अजिंक्यताऱ्यावरचे धुके विरळ होऊ लागते आणि आमच्या साताऱ्यात घरोघरी जिन्याखाली झाकून ठेवलेल्या सायकली बाहेर निघतात. बारीक चाकांच्या रस्त्यावरच्या सायकली, जाड टायरच्या डोंगरवाटांच्या सायकली, झालेच तर वडिलांच्या वेळची काळी दणकट सायकलसुद्धा! दसऱ्याच्या सुमारास समर्थ मंदिराकडून यवतेश्वरच्या घाटाला लागले की निम्मे ओळखीचे चेहरे घामाघूम होऊन भेटतात. हे दृश्य डॉक्टर म्हणून मला फार सुखावते. मात्र त्यानंतरच्या पंधरा दिवसांत त्यांतलेच काही चेहरे माझ्या दवाखान्यात दिसू लागतात. कोणाचा गुडघा, कोणाची कंबर, कोणाच्या हाताच्या मुंग्या. आणि एखाद्या वेळी त्याहून गंभीर काही.

अशाच एका गंभीर प्रसंगाची हकिगत आज सांगणार आहे. त्यात चूक माझीच होती, म्हणून ती सांगण्याचा अधिकारही मला आहे.

आमच्या सायकलच्या गटात एक निवृत्त शिक्षक आहेत. सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. वय बासष्ट, दहा वर्षांचा मधुमेह, पण उन्हाळ्यापर्यंत आठवड्यातून चार दिवस सायकल चालवणारे. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात सायकल बंद झाली, फिरणेही थांबले. ऑगस्टमध्ये त्यांची रक्तातील साखर वाढलेली दिसली, म्हणून मीच त्यांच्या गोळीचा डोस वाढवला. तोवर सारे बरोबर होते. पुढे दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही सातजण कासला निघालो. सुमारे २५ किलोमीटरचा रस्ता, त्यात सुरुवातीलाच घाट. नाश्ता कासला करायचा असे ठरले होते. गुरुजींनी पहाटे नेहमीप्रमाणे गोळी घेतली, बिनसाखरेचा चहा घेतला आणि निघाले.

यवतेश्वर मागे पडल्यावर गुरुजी गप्प झाले. एरवी चढावरही बोलणारा हा माणूस. मी म्हटले, "गुरुजी, दमलात का? चला, आता थोडंच राहिलं."

"मला शिकवू नका हो!" ते एकदम खेकसले.

मी हसण्यावारी नेले. दोन मिनिटांत त्यांची सायकल रस्त्याच्या कडेला वळली आणि ते हळूच आडवे झाले. सुदैवाने गवतात. अंग घामाने थबथबलेले, हात थरथरत होते, नजर हरवलेली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जवळच्या चहाच्या टपरीवरील मावशींनी पेलाभर पाण्यात मूठभर साखर ढवळून आणली. गुरुजींना गिळता येत होते, म्हणून ते घोटघोट पाजले. दहा-पंधरा मिनिटांनी त्यांनी विचारले, "डॉक्टर, आपण इथं का थांबलोय?" हेच उतारावर घडले असते तर? तो विचार आजही माझी झोप उडवतो.

वाचकहो, पावसाळ्यात घरी बसलेल्या माणसासाठी लिहिलेला डोस मी सायकलवर बसलेल्या माणसाला तसाच चालू ठेवला होता. सायकलचा हंगाम सुरू होताना केवळ सायकलच तपासायची नसते; शरीर आणि औषधाची चिठ्ठी हीसुद्धा तपासायची असते. आजच्या लेखाचा सारांश एवढाच आहे. आता तपशील पाहू.

दम लवकर येतो, गुडघा उशिरा

चार महिने व्यायाम थांबला की शरीरात काय होते? पहिल्या दोन आठवड्यांतच रक्तातील पातळ द्रवाचे प्रमाण कमी होते. त्यामुळे हृदयाच्या एका ठोक्यात कमी रक्त पुढे ढकलले जाते आणि तेवढ्याच चढाला नाडी जास्त धावते. पुढे स्नायूंमधील प्राणवायू वापरण्याची क्षमताही उतरते. व्यायाम पुन्हा सुरू केला की हा द्रव आठ-पंधरा दिवसांत बऱ्यापैकी भरून येतो. "दम आला, आता काही अडचण नाही," असे वाटू लागते.

खरी फसगत इथेच आहे. स्नायूला हाडाशी जोडणारी जी दोरी असते, तिला कंडरा म्हणतात. तिला रक्तपुरवठा कमी असल्याने ती सावकाश बळकट होते. तिला आठवडे नव्हे, महिने लागतात. मिनिटाला ७५ वेळा पायडल फिरवले तर तासाभरात प्रत्येक गुडघा ४,५०० वेळा वाकतो. दम परत आला म्हणून चौथ्याच दिवशी घाट गाठला की छाती साथ देते आणि गुडघ्याच्या वाटीखालची कंडरा सुजते. कासच्या त्याच फेरीनंतर माझा उजवा गुडघा असा दुखला की दिवाळीपर्यंत मी दवाखान्याचा जिनासुद्धा कठडा धरून चढत होतो. हवा सर्वांत छान असते ते दिवस घरात गेले.

पहिले चार आठवडे

माझ्या रुग्णांना मी जे वेळापत्रक देतो, ते असे :

पहिला आठवडा : एक दिवसाआड तीन वेळा, अर्धा ते पाऊण तास, सपाट रस्ता. शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे. बोलताना धाप लागली तर वेग जास्त आहे असे समजावे.

दुसरा आठवडा : तीनच दिवस, पण तासापर्यंत. रस्ता सपाटच.

तिसरा आठवडा : एका दिवशी एखादा छोटा चढ. बाकी दोन दिवस पूर्वीसारखेच.

चौथा आठवडा : अर्धा घाट आणि माघारी. पूर्ण घाट त्यानंतर.

एक नियम कटाक्षाने पाळावा. ज्या आठवड्यात अंतर वाढवाल त्या आठवड्यात चढ वाढवू नका. चढ वाढवाल तेव्हा अंतर वाढवू नका. गिअरची सायकल असेल तर चढावर हलका गिअर लावा. जड गिअरवर उभे राहून रेटण्यात मर्दुमकी वाटते, पण तिची किंमत गुडघा मोजतो.

नव्याने सुरुवात केल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या दुखतात. दोन्ही बाजूंना सारखे दुखत असेल आणि तीन-चार दिवसांत ओसरत असेल तर ते साधे दुखणे आहे. परंतु एकाच सांध्यात नेमक्या जागी दुखते, सूज येते किंवा प्रत्येक फेरीत वाढते, तर थांबावे. अतिश्रमानंतर स्नायू फार दुखून लघवी गडद तांबूस किंवा कोकसारखी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. स्नायू तुटून मूत्रपिंडावर भार आल्याची ती खूण असू शकते.

सीट, हँडल आणि मुंग्या

निम्मी दुखणी सीटच्या उंचीमुळे होतात. तपासण्याची सोपी रीत अशी. भिंतीला टेकून सीटवर बसा, पायडल सर्वांत खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. गुडघा सरळ झाला पाहिजे. मग पायाचा चवडा पायडलवर ठेवला की गुडघ्यात थोडासा बाक राहील. तेवढाच हवा. सीट खाली असेल तर गुडघा बहुधा पुढून दुखतो, फार वर असेल तर मागून दुखतो आणि कंबरही डोलते.

करंगळीला आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या आल्या तर तळहाताच्या कडेची नस हँडलवर दबते आहे असे समजावे. पकड बदलत राहावे, कोपर किंचित वाकलेले ठेवावे. बैठकीच्या जागी बधिरपणा आला तर लाजून गप्प बसू नये. दर दहा मिनिटांनी क्षणभर पायडलवर उभे राहावे आणि सीटचे टोक वर उचललेले नाही ना, ते पाहावे. इतके करूनही बधिरपणा टिकला तर डॉक्टरांना सांगावे.

पाणी, खाणे आणि साखर

पावसाळ्यात तहान लागत नाही, ऑक्टोबरचे ऊन मात्र फसवे असते. तासाला साधारण अर्धा लिटर पाणी, तेही थोडेथोडे प्यावे. भीतीपोटी लिटरच्या लिटर पाणी पिणेही चांगले नाही. त्याने रक्तातील मीठ पातळ होते. फेरी दीड तासाहून लांब असेल तर वाटेत खाणे हवेच. एक केळे, चार खजूर, गुळाची पोळी असे काहीही चालेल. "परत येऊन मिसळ खाऊ" हा बेत उत्तम, पण तोवर पोट रिकामे नको.

मधुमेही मंडळींनी पुढील मजकूर कापून जवळ ठेवावा. व्यायामात स्नायू रक्तातील साखर झपाट्याने ओढून घेतात. फेरी संपल्यावरही ते आपला रिकामा झालेला साठा कित्येक तास भरत असतात, म्हणून साखर त्याच रात्री झोपेतही उतरू शकते. इन्सुलिन घेणाऱ्यांना आणि ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांना हा धोका विशेष आहे. एकट्या मेटफॉर्मिनवर तो फारच कमी असतो. हंगाम सुरू करण्यापूर्वी डोसबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारा. मनाने गोळी बंद करू नका. निघताना साखर तपासा. ९० च्या खाली असेल तर आधी खा. २५० च्या वर असेल आणि बरे वाटत नसेल तर त्या दिवशी सायकल नको. इन्सुलिन घेऊन निघणाऱ्यांनी सुई मांडीत टोचू नये, कारण पायाच्या हालचालीने ते लवकर शोषले जाते.

खिशात साखर किंवा ग्लुकोज हवेच. हात थरथरणे, घाम, एकदम भूक, आणि विशेष म्हणजे विनाकारण चिडणे अथवा गप्प होणे ही साखर उतरल्याची लक्षणे आहेत. तीन-चार चमचे साखर द्यावी, पंधरा मिनिटे थांबावे, गरज पडल्यास पुन्हा द्यावी आणि मग काहीतरी खायला घालावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये, रुग्णवाहिका बोलवावी. रक्तदाबासाठी लघवीची गोळी घेणाऱ्यांनीही उन्हातल्या लांब फेऱ्यांआधी डॉक्टरांशी बोलावे.

छातीची सूचना

१९९३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, एरवी व्यायाम न करणाऱ्याने अचानक जोराचे श्रम केले तर पुढच्या तासाभरात हृदयविकाराच्या झटक्याचा धोका त्याच्या एरवीच्या धोक्याच्या शंभरपटीहून अधिक होतो. आठवड्यातून पाच किंवा अधिक वेळा व्यायाम करणाऱ्यांत तो अडीच पटही होत नाही. घाबरू नका, एरवीच्या एका तासाचा धोका मुळात अत्यल्प असतो. पण शिकवण स्पष्ट आहे. नियमित व्यायाम हृदयाला वाचवतो, चार महिन्यांनी एकदम केलेला पराक्रम वाचवत नाही.

चाळिशी ओलांडलेल्या आणि मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान किंवा घराण्यात हृदयविकार असलेल्यांनी घाटाआधी तपासणी करून घ्यावी. चढावर छातीत जडपणा, जबडा किंवा डाव्या हाताकडे सरकणारी कळ, गार घाम, चक्कर असे काही झाले तर "पित्त असेल" म्हणू नये. तिथेच थांबावे आणि १०८ ला फोन करावा.

आणि सायकल?

चार महिने उभी असलेली सायकल मिस्त्रीला दाखवा. ब्रेकची तार गंजलेली, रबर कडक झालेले, चेन कोरडी पडलेली असते. टायरच्या कडेला छापलेले असते तेवढीच हवा भरा. घाटात झाडांच्या सावलीतील रस्त्यावर शेवाळ टिकून असते, वळणांवर पावसाने वाहून आणलेली खडी पसरलेली असते. वळणाच्या आधीच वेग कमी करा, वळणात ब्रेक दाबू नका. डोंगरवाटेने जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की मेमधली ओळखीची वाट ऑक्टोबरमध्ये ओळखीची नसते. गवताखाली चर पडलेले असतात, मुरमावर घसारा असतो. पहिल्या वेळी अवघड जागी उतरून सायकल हाताने न्या आणि एकट्याने जाऊ नका. हेल्मेट घाला. कासच्या पठारावर सायकल रस्ता सोडून नेऊ नये, हे सांगायला डॉक्टर लागत नाही!

गुरुजींचे पुढे काय झाले, हे विचाराल. त्या दुपारीच मी त्यांचा डोस बदलला. आठवडाभराने त्यांनी सपाट रस्त्यापासून पुन्हा सुरुवात केली आणि डिसेंबरमध्ये कास गाठले, नाश्ता घरी करून. तेव्हापासून पावसाळा संपला की ते दोन ठिकाणी जातात. आधी सायकलमिस्त्रीकडे आणि मग माझ्याकडे. "दोघांनीही नीट तपासा," म्हणतात. आपणही असेच करावे, ही विनंती.