थांबलेल्या यंत्राजवळचे काम

मावळात कारखानदारी नवी नाही. लोकवर्गणीतून उभ्या राहिलेल्या पैसा फंडाचा काच कारखाना तळेगाव दाभाडे येथे 1908 मध्ये सुरू झाला होता. त्याच तळेगावात जनरल मोटर्सने 2008 मध्ये उघडलेला आणि 2020 अखेर उत्पादन थांबलेला मोटार कारखाना जानेवारी 2024 मध्ये ह्युंदाईच्या ताब्यात गेला. अशा कारखान्यांत वेल्डिंगपासून मालाच्या हाताळणीपर्यंतची कामे रोबोट करू लागल्यामुळे, दहावीनंतर आयटीआयची वाट धरणाऱ्या मुलाला तिथे काम उरेल का आणि उरलेच तर ते धोक्याचे असेल का, अशी दुहेरी चिंता पालकांना वाटणे स्वाभाविक आहे. या दोन्ही चिंतांचे उत्तर एकाच ठिकाणी, म्हणजे यंत्राच्या मॅन्युअल मोडमध्ये, सापडते.

स्वयंचलित यंत्र ऑटोवर सुरळीत चालते तोवर त्याच्याभोवतीच्या संरक्षक जाळीच्या आत माणसाचे काम नसते. पार्ट अडकला, टूल झिजले, सेन्सरवर तेलकट कीस बसला किंवा नवा जॉब लावायचा असला की मात्र चावी फिरवून यंत्र मॅन्युअलवर घ्यावे लागते, आणि ऑपरेटर, सेटर किंवा मेंटेनन्सचा माणूस त्याच्या जवळ जातो. पगार ज्या कौशल्यासाठी मिळतो ते कौशल्य इथेच लागते आणि अपघाताची शक्यताही इथेच दाटते, त्यामुळे यंत्रे वाढली म्हणून माणूस हद्दपार झाला, हे म्हणणे अर्धेच खरे आहे.

रोबोट मॅन्युअलवर चालवण्यासाठी हातात घ्यावयाच्या नियंत्रक पाटीला टीच पेंडंट म्हणतात. तिच्या मागील बाजूस तीन स्थितींचे एक बटण असते : ते मधल्या स्थितीपर्यंत हलके दाबून धरले तरच रोबोटचा हात हलतो, सोडले तर थांबतो, आणि घाबरून मूठ घट्ट आवळली गेली तरीही थांबतो, कारण दचकलेला माणूस बटण सोडेल की आवळेल याचा नेम नसतो हे बनवणाऱ्याने गृहीत धरलेले असते. मॅन्युअलच्या कमी वेगाच्या पद्धतीत रोबोटच्या टोकाचा वेग सेकंदाला 250 मिलिमीटरपेक्षा अधिक जाऊ दिला जात नाही, म्हणजे बाजूला व्हायला थोडी उसंत मिळते. मात्र पाठीमागे खांब किंवा फिक्स्चर असेल तर ती उसंतही उपयोगाची नसते.

थांबलेले यंत्र मेलेले नसते, ही गोष्ट नवशिक्याला सर्वांत उशिरा उमगते. ऑटोमधील लाइन अनेकदा केवळ एका सेन्सरच्या इशाऱ्याची वाट पाहत उभी असते, आणि अडकलेला पार्ट हाताने ओढून काढताच तो इशारा मिळून सिलिंडर पुढे सरकतो. वीज बंद केली तरी नळीत हवेचा दाब शिल्लक राहतो, तर उभ्या अक्षावरचे वजन ब्रेक सोडताच खाली येते. म्हणून दुरुस्तीपूर्वी वीज व हवा तोडून त्यांच्या स्विचला स्वतःचे कुलूप आणि नावाची पाटी लावणे, दाब सोडून देणे आणि यंत्र खरोखरच सुरू होत नाही याची खात्री करणे, असा क्रम पाळला जातो; कारखान्यात त्याला थोडक्यात ‘लोटो’ म्हणतात. यंत्र तातडीने थांबवण्याचे लाल बटण या कुलपाची जागा घेऊ शकत नाही. दाराच्या इंटरलॉकला बायपास करून, म्हणजे दार उघडे असतानाही ते बंद असल्याचे यंत्राला भासवून, उत्पादन काढणे ही तर हुशारी नव्हेच. यंत्राजवळचा धोका कल्पनेतला नाही : मिशिगनमधील फोर्डच्या कारखान्यात 1979 मध्ये एका कामगाराचा रोबोटच्या आघाताने मृत्यू झाला, आणि 1981 मध्ये जपानमधील कावासाकीच्या कारखान्यात रोबोटच्या दुरुस्तीसाठी आत गेलेला कामगार असाच दगावला.

असा धोका ओळखूनच भारतात चालत्या यंत्राजवळच्या कामासाठी 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 22 ने खास प्रशिक्षित प्रौढ कामगार, अंगाला घट्ट बसणारे कपडे आणि नोंदवहीत नाव अशा अटी घातल्या होत्या. त्या काळी कायदा करणाऱ्यांच्या मनात पट्ट्यांवर फिरणारी यंत्रे असली, तरी त्यामागचा विचार शिळा झालेला नाही.

फिटर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन किंवा टेक्निशियन मेकॅट्रॉनिक्स या दोन वर्षांच्या ट्रेडमधून यंत्राजवळच्या या कामाचा पाया घातला जातो. लोणावळा, कामशेत, वडगाव येथील विद्यार्थ्याला पुण्याच्या लोकलने औंध किंवा पिंपरी-चिंचवडकडील आयटीआय गाठता येते. संस्था निवडताना इमारतीच्या चकाकीपेक्षा, प्रत्येक विद्यार्थ्याला प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली पेंडंट किंवा सीएनसीचे हँडव्हील प्रत्यक्ष हातात किती तास मिळते, याची चौकशी अधिक मोलाची ठरते. यंत्र लांबून दाखवून ‘शिकवले’ म्हणणाऱ्या अभ्यासक्रमांना घसघशीत फी भरण्यात अर्थ नाही. दोन वर्षांचा आयटीआय अभ्यासक्रम उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेता येतो.

मुलगा शिकाऊ उमेदवारीसाठी कंपनीत गेल्यावर पालकांनी स्टायपेंडबरोबरच आणखी दोन गोष्टी विचाराव्यात : मोड बदलण्याची चावी कोणाकडे असते, आणि मुलाला स्वतःच्या नावाचे कुलूप मिळणार आहे का.